देव कूस पालटतो त्या दिवशी

गेल्या वर्षी गणपतीतल्या एकादशीला सकाळी आंघोळ झाल्यावर मी गळ्यातली तुळशीची माळ काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. ही गोष्ट आजवर मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. भजनी मंडळात तर नाहीच, कारण तिथे तीस वर्षं पखवाज माझ्याकडे आहे आणि कुणाचा टाळ चुकला की सगळ्यांदेखत ओरडायचा मानही माझाच आहे. अशा माणसाने माळ काढली म्हटल्यावर मंडळींना दिवाळीपर्यंत विषय पुरला असता. पण त्या दिवशी मला लोकांचं काही वाटत नव्हतं. मी देवावर रागावलो होतो. चार महिने मी त्याच्यापुढे डोकं टेकत होतो आणि चार महिने माझी बायको अंथरुणात सडत चालली होती. सडत, हा शब्द मी मुद्दाम लिहितोय. तेव्हा तो मनातसुद्धा उच्चारायचा मला धीर नव्हता.

आमचं गाव मुळशी धरणाच्या अंगाला, ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. उरवड्याच्या एका कारखान्यात मी मशीनच्या देखभालीचं काम करायचो. निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, आता दोघं निवांत राहू, थोडी भाताची खाचरं बघू, भजन करू. बायको माझी कामाला वाघ आणि बोलायला त्याहून वाघ. गवताचा भारा डोक्यावर घेऊन यायची आणि दारातूनच विचारायची, "पखवाजाला पीठ लावून झालं असंल तर जरा म्हशीकडं बगा." त्या बाईला वैशाखात भाकरी थापता थापता लकवा मारला. डावं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. पुण्याच्या हॉस्पिटलात पंधरा दिवस काढून आम्ही तिला घरी आणली. आमची एकुलती एक लेक पुण्याजवळ सूसला सोसायटीत राहते, नोकरी करते. ती म्हणाली, "आबा, आईला माझ्याकडे नेते. सांभाळायला बाई ठेवू." मी तिला ताडकन म्हटलं, "माझ्या बायकूचं मी बगीन." हॉस्पिटलातून निघताना जे कागद मिळाले होते, त्यांची मी नीट घडी घातली, हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात विठ्ठलाच्या तसबिरीखाली ठेवून दिले. म्हटलं, आता तुझ्या हवाली. असं म्हणताना मला फार भरून आलं होतं.

तिला भरवणं, अंग पुसणं, वेणी घालणं, सगळं मी शिकलो. वेणी वाकडी यायची आणि ती उजव्या हाताने चाचपून हसत म्हणायची, "ही येनी हाय का दावं?" त्या हसण्यावर माझे दिवस निघायचे. एक गोष्ट मात्र मी करत नव्हतो. तिला कुशीवर करायला गेलं की लुळा खांदा दुखायचा, तिचं तोंड वेडंवाकडं व्हायचं आणि ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या." मी राहू द्यायचो. आजारी माणसाला आराम हवा आणि आराम म्हणजे त्याला न हलवणं, अशी माझी पक्की समजूत. सकाळी पूजा, मग पोथी, दुपारी पुन्हा नामस्मरण. तिच्या उशाशी बसून मी तास तास वाचायचो, आसन मोडायचो नाही, आणि ती तास तास उताणी पडून ऐकायची.

आषाढात तिच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. मी त्यावर खोबरेल चोळलं, चांगलं जोर लावून. श्रावणात तिथली कातडी निघाली. मग हळद लावली, पावडर टाकली. ओली जखम गादीला चिकटायची आणि ती कळवळायची, तेव्हा माझ्यातला कारागीर जागा झाला. दाराआड खुंटीला तिची चुंबळ लटकत होती. डोक्यावर हंडा किंवा भारा घ्यायचा तर बायका लुगड्याचं कापड गोल वळून डोक्यावर ठेवतात, ती चुंबळ. वर्षानुवर्षं तिच्या डोक्याचा भार सोसलेली. मी ती काढली आणि तिच्या कमरेखाली अशी ठेवली की जखम बरोबर मधल्या भोकात यावी. जखम अधांतरी, गादीला स्पर्श नाही. मला माझ्या डोक्याचं कौतुक वाटलं. खरं सांगायचं तर, हे देवानेच सुचवलं असंही वाटलं.

त्यानंतर जखम खोल होत गेली. तिच्याभोवती चुंबळीच्याच मापाचा काळसर गोल उमटला. आणि वास सुटला. मी उदबत्त्या वाढवल्या, धूप घातला. रविवारी लेक यायची तेव्हा चादर नवी, पातळ कमरेपर्यंत नीट ओढलेलं आणि तीन तीन उदबत्त्या. ती म्हणायची, "आबा, आपलं घर देवळासारखं वाटतं हं." ते वाक्य मला आतून कुरतडायचं, पण मी तिला जखम दाखवली नाही. दाखवली असती तर ती आईला घेऊन गेली असती, आणि माझ्याच्याने झालं नाही हे कबूल करावं लागलं असतं. बायकोलाही मी डोळ्यांनी दटावून गप्प बसवत होतो. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

एकादशीच्या आदल्या दिवसापासून तिचं अंग तापलं. सकाळी ती नीट डोळे उघडेना. एकादशी म्हणून तिला चार चमचे भगर देत होतो, तीही तिने गिळली नाही. तेव्हा मी माळ काढली. देव्हाऱ्याकडे पाठ करून बसलो. बाहेर आमच्याकडचा पाऊस, म्हणजे बोलायलाच नको.

दुपारी बाराच्या सुमारास रस्त्यावर एसटी उभी राहिलेली दिसली. घाटात दरड आली होती, गाडी पुढे जाणार नव्हती. लोक उतरून इकडेतिकडे आडोशाला पांगले. एक बाई आमच्या पडवीत आली. साठीची असेल, पाचवारी साडी, हातात रेक्झिनची पिशवी, पदर पिळत होती. तिने पाणी मागितलं. मी तांब्या दिला. तिने दोन घोट घेतले, आणि मग तांब्या खाली ठेवून नाक वर केलं.

"घरात कोन पडून हाय?" तिने विचारलं.

मला वाटलं, हिला खोकला वगैरे ऐकू आला असेल. म्हटलं, "मालकीन. लकवा झालाय."

"उदबत्तीच्या खालनं वास येतोय, दादा. मी एकवीस वर्सं वॉर्डात मावशी हुते. ह्यो वास मला कुटंबी वळखू येतो." आणि मी काही म्हणायच्या आत ती चपला काढून आत गेलीसुद्धा. मी अडवायला हवं होतं. पण चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी ती गोष्ट तोंडाने बोललं होतं. मी तिच्या मागे मागे गेलो.

तिने बायकोच्या कपाळाला हात लावला, तिच्याशी दोन शब्द बोलली, मग चादर बाजूला करून तिला हलकेच कलती केली. चुंबळ बघितली. मग म्हणाली, "ही कुनी ठिवली?"

"मी."

"दादा, भोकाभवती गोल दाबलंय हिनं. सगळीकडनं रगत अडवलंय. मधल्या मासाला मिळायचं कसं? त्याल चोळलं असंल?" मी मान हलवली. "जोरात?" मी पुन्हा मान हलवली. तिने कपाळावर हात मारला. मी चिडलो. एवढं करून वर बोलणी खायची, तीही वाटेवरच्या बाईची. म्हटलं, "मावशी, मी काय मुद्दाम केलं? दिसरात हितं बसून देवाचं नाव घेतोय. आज एकादशी, पान्याचा घोट घेतला न्हाई."

"कंची एकादशी आज?"

"परिवर्तिनी." आणि राग अजून उतरला नव्हता म्हणून मी वर जोडलं, "आषाढात देव निजतो, आज कूस पालटतो म्हंत्यात. पालटू दे. मला काय त्याचं!"

तिने माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "देव दोन महिन्यांनी का हुईना पालटतो. हिची कूस कवा पालटली तुमी?"

मी आठवू लागलो, तर आठवण्यासारखं काही नव्हतंच. मी तिथेच खाटेच्या काठावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. तिने मला रडू दिलं, पण फार नाही. म्हणाली, "उटा. दोन मानसांचं काम हाय."

तिने मला शिकवलं. ओढायचं नाही, उचलायचं. ओढलं की कातडी सोलते. आडवी चादर घालायची, दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवायचं, एकट्याला करायचं तर गुडघा वाकवून खांदा आणि कंबर एकाच वेळी कलती करायची. पूर्ण कुशीवर नाही, अर्धी कूस. पाठीमागे उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, आणि पोटऱ्यांखाली एक उशी अशी की टाचा अधांतरी राहाव्यात. लुळा हात आधी पुढे घ्यायचा, मग खांदा दुखत नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी चार महिने "ऱ्हाऊ द्या" ऐकत बसलो होतो. तिला कलती करायला मी वाकलो तेव्हा खिशातली माळ निसटून अंथरुणावर पडली. बायकोने ग्लानीतच उजव्या हाताने ती चाचपली, मुठीत धरली आणि माझ्याकडे धरली. "घाला," ती म्हणाली. आदल्या रात्रीपासूनचा तो तिचा पहिला शब्द. मी घातली. त्या मावशीने दुसरीकडे बघितलं.

मग तिने जखम उकळून गार केलेल्या पाण्याने धुतली, वर स्वच्छ कापड ठेवलं, हळद-पावडरचे डबे उचलून फळीवर ठेवले आणि मला म्हणाली, "ताप हाय म्हंजे जखमेचं ईख अंगात चाललंय. आज सांजच्या आत डाक्टर हितं पायजे. लेकीला फोन लावा." मी म्हटलं, लेकीला काय सांगू? म्हणाली, "खरं." मी पडवीत जाऊन फोन केला. लेक ऐकून घेत राहिली, मग तिचा आवाज फुटला, मग म्हणाली, "आबा, निघते." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन वाजता आम्ही दुसरी कूस केली. मधल्या वेळात मावशी बसून होती. माझं काम विचारलं. मी सांगितलं, मशीनची देखभाल. "मंग मशीनीला त्याल कवा घालायचं?" म्हटलं, प्रत्येक मशीनला कार्ड लटकवलेलं असतं, ठरल्या तासाला तेल घालायचं आणि सही करायची, सही राहिली की साहेब उभा जाळायचा. ती हसली. एवढंच. चुंबळ सोडून तिने तिचं लांब कापड केलं, त्यातला एक तुकडा धुऊन चुलीजवळ वाळत घातला, वाळल्यावर त्याची लहान वळकटी केली आणि बायकोच्या आवळत चाललेल्या डाव्या मुठीत ठेवली. "चांगली हाय ही चुंबळ," म्हणाली, "पर हिची जागा हितं."

चार वाजता तिसरी कूस मी एकट्याने केली. ती हाताची घडी घालून बघत होती. साडेचारला ड्रायव्हरने हॉर्न दिला. दरड हटली होती. मी गडबडीत देव्हाऱ्यातला नारळ आणायला वळलो, आणि बाहेर आलो तर पाऊस आणि गाडीचा मागचा दिवा. पाच-सव्वापाचला लेक डॉक्टरांना घेऊन आली. तिने त्या बाईला पाहिलं नाही. मी तिचं नावही विचारलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी जखमेतलं काळं पडलेलं मांस काढलं, औषधं सुरू केली. म्हणाले, हाडाला पोचायच्या बेतात होती. मग त्यांनी हॉस्पिटलचे जुने कागद मागितले. मी तसबिरीखालची ती हळदकुंकवाची घडी काढली आणि उलगडून दिली. डॉक्टर वाचत होते, लेक त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. शेवटच्या कागदावर तिने बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. तिथे मराठीत, ठळक अक्षरांत छापलं होतं: रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. चार महिने तो कागद देवाच्या पायाखाली होता. चार महिने मी त्याच तसबिरीपुढे डोकं टेकून विचारत होतो, देवा, काय करू ते सांग.

त्या दिवसानंतर मी देवाला कशाबद्दल विचारायचं म्हटलं की आधी कागद वाचतो.

लेक आईला नेणार असं मला वाटलं होतं. तिने विचारलंही नाही, फक्त म्हणाली, "आबा, आता लपवायचं नाही." मी कार्ड केलं. पुठ्ठ्यावर रकाने आखले, वेळ, डावी, उजवी, पाठ, आणि शेवटचा रकाना सहीचा. रात्रीसाठी गजर लावला. लेकीने हवेची गादी आणली, पंपावर चालणारी. मला वाटलं आता सुटलो, पण डॉक्टर म्हणाले, गादी आली तरी कूस बदलावीच लागेल. जखम भरायची तर अंगात ताकद हवी, डाळ, दूध, अंडी द्या, हेही म्हणाले. मी माळकरी माणूस. रविवारी लेक उकडलेली अंडी डब्यातून आणायची आणि मी तेवढा वेळ म्हशीकडे जायचो. मग एका बुधवारी मीच दुकानातून अंडी आणली, उकडली, सोलली आणि चमच्याने बारीक करून तिला भरवली. ती माझ्या गळ्याकडे आणि माझ्या हाताकडे आळीपाळीने बघत होती. म्हणाली, "देव बगतोय हां." म्हटलं, बगू दे, त्यालाबी कळू दे कसं सोलायचं.

दर दोन तासांनी उठायचं म्हणजे सोपं नव्हतं. तिचा खांदा, तिची कंबर, टाचा, कोपरं, सगळीकडे नजर फिरवायची, कुठे लाली दिसतेय का, बोटाने दाबलं की फिकी पडते का. ओलं झालं की लगेच बदलायचं. सुरुवातीला मी मोजून करायचो, मग नाव घेत करायला लागलो, मग कधीतरी लक्षात आलं की हीच माझी पूजा झाली आहे आणि आसन मोडल्याशिवाय ती होतच नाही. पोथी सुटली नाही, फक्त तुकड्यातुकड्यांनी वाचू लागलो. कार्तिकीला देव उठतो म्हणतात. त्या दिवशी ड्रेसिंग बदलताना जखमेच्या तळाशी लाल, ताजं मांस भरून आलेलं दिसलं. माघात वरची कातडी जुळली. तिथे आज एक गुळगुळीत, फिकट डाग आहे. त्यावर मी रोज हलका हात ठेवतो, चोळत नाही.

त्या मावशीचा मी तपास केला. एसटी स्टँडवर, त्या मार्गावरच्या कंडक्टरकडे. एक कंडक्टर म्हणाला, "आबा, दिसाला किती मावश्या चढत्यात आन् उतरत्यात." भजनी मंडळातल्या एकाला मी थोडंसं सांगितलं, तर तो डोळे मोठे करून म्हणाला, साक्षात आला होता. असेल. मला एवढंच माहीत आहे की ती हॉस्पिटलात काम केलेली बाई होती, तिला भूक लागली होती, तिने आमच्याकडे चार घास भगर खाल्ली, आणि दरड जर दुसऱ्या दिवशी पडली असती तर माझी बायको आज नसती. वाद घालायला मी पूर्वी फार तयार असायचो. आता या बाबतीत तरी नाही.

शरण जाणं म्हणजे सगळं त्याच्यावर टाकून आपण हात जोडून बसणं, असं मला वाटायचं. खरं तर मी तेव्हा शरण गेलोच नव्हतो. माझी अक्कल, माझी चुंबळ, माझा मान, सगळं मी घट्ट धरून होतो आणि फक्त न वाचलेला कागद त्याला दिला होता. जे हातातून सोडायला हवं होतं ते सोडायला एका अनोळखी बाईने लावलं, आणि मग हात कामाला मोकळे झाले.

यंदा परिवर्तिनी एकादशीला देवळात भजन होतं. दोनला पाच मिनिटं असताना मी चालू अभंगात पखवाज खाली ठेवला आणि उठलो. मंडळी बघतच राहिली. ठेका सोडून उठणाऱ्यावर ओरडणारा मीच. पावसातून धावत घरी आलो. बायको डाव्या कुशीवर होती. एकटी. उजव्या हाताने खाटेची कड धरलेली, गुडघा वाकवलेला, पाठीमागची उशी खाली पडलेली. धाप लागली होती आणि तोंडभर हसू होतं. मी धसकून विचारलं, "अगं, कुनी पालटली तुला?"

"देवाला कोन पालटतं?" ती म्हणाली. "त्याचा त्यो पालटतो. मी बी पालटले."

मी उशी उचलून तिच्या पाठीशी लावली, टाचा बघितल्या. मग सवयीने भिंतीवरचं कार्ड काढलं आणि दोनच्या रकान्यात सही करायला पेन उघडलं. तिने हात पुढे केला. मी कार्ड तिच्यापुढे धरलं आणि पेन तिच्या हातात दिलं. माझ्या सहीच्या जागी, लकव्यानंतर पहिल्यांदाच, तिने आपलं नाव लिहिलं. अक्षरं तिरकी होती आणि शेवटचं अक्षर रकान्याबाहेर गेलं होतं. मी ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं नाही. जिथे होतं तिथेच, भिंतीवर लावलं, आणि चार वाजायची वाट बघत तिच्याजवळ बसून राहिलो.